तळटीपेतला भाऊ

सरकारी यादीत नवरा होता, बायको होती, मुलं होती, आईवडील होते, दत्तक मुलगा होता, इतकंच काय, सूनसुद्धा होती. यांच्यापैकी कोणालाही आपलं राहतं घर बक्षीस म्हणून दिलं, तर हस्तांतरण कर पूर्ण माफ. पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरनं ती यादी दोनदा वरून खाली वाचली आणि एकदा खालून वर. भाऊ कुठेच नव्हता.

"भावाला विसरले की काय हे लोक?" त्यानं विचारलं.

"विसरतील कसे? आहे की भाऊ," एजंट म्हणाला. "खाली बघा. तळटीपेत."

कर कचेरीच्या समोर, फुटपाथच्या कडेला एजंटचं टेबल होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, रबरी शिक्क्यांचा डबा आणि कपाळावर ढकललेला चष्मा. तो चष्मा डोळ्यांवर आलेला आजवर कोणी पाहिला नव्हता. कुठल्या खिडकीवर कोणता कागद अडतो आणि तो कशानं सुटतो, हे त्याला तोंडपाठ. त्यानं बोट ठेवलं तिथं मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: भाऊ किंवा बहीण, जर ती व्यक्ती घर देणाऱ्यावर सर्वस्वी अवलंबून असेल, तिला स्वतःचं कसलंही उत्पन्न नसेल आणि ती त्याच घरात किमान दहा वर्षं राहत असेल, तरच.

"किती वर्षं राहताय ताईंकडे?"

"अडतीस."

"वा! आणि अवलंबून आहात?"

एजंटनं खुर्चीला टेकवलेल्या कुबडीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. बाइंडरच्या अधू पायाकडे इतक्या आनंदानं बघणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होता.

"अहो, मग काळजी कसली करताय? अर्धं काम या लाकडानंच केलंय."

बाइंडरला त्या कपाळावरच्या चष्म्यावर एक ठेवून द्यावीशी वाटली. पण गरज त्याची होती. डॉक्टरांनी ताईला दोन महिने दिले होते, फार तर तीन. ताईला मूलबाळ नव्हतं. घर तिच्या नवऱ्याचं, त्याच्या माघारी तिच्या नावावर झालेलं: मागं दोन खोल्या आणि पुढं रस्त्यावर दार उघडणारी एक. ते तिला भावाच्या नावावर करायचं होतं. बक्षीस द्या नाहीतर मृत्युपत्र करा, कर दोन्हीकडे तोच, घराच्या किमतीचा चौथा हिस्सा. जवळून मोठा रस्ता गेल्यापासून त्या गल्लीतल्या किमतींना शिंगं फुटली होती. घरात होतं नव्हतं ते ताईच्या दुखण्यात गेलेलं. म्हणजे सवलत मिळाली तर घर राहणार, नाही मिळाली तर ते विकूनच त्याचा कर भरायचा. मधला रस्ता नव्हता.

"मी कमावतो," बाइंडर अखेर म्हणाला. "बाइंडिंग करतो. गल्लीत कोणालाही विचारा."

"गल्लीला कोण विचारतंय? बिल फाडता कधी? पावती? बँकेत खातं?"

"नाही."

"मग कागदावर तुम्ही आजवर एक दमडी मिळवलेली नाही. ताईंची पेन्शन मात्र कागदावर आहे. कागद आपल्या बाजूनं आहे हो! फक्त अधिकारी घरभेटीला येतील तेव्हा दुकान दिसता कामा नये, आणि दोघांचे जबाब जुळले पाहिजेत. संपलं."

घरी ताई आतल्या खोलीत खिडकीशी कॉटवर पडून होती. वय सासष्ट, आजारानं आणखी दहा वर्षं वर चढवलेली. भाऊ तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याची कुबडी उंबऱ्यावर वाजली की ती डोळे न उघडताच बोलायला सुरुवात करायची.

"या सरदार. काय म्हणतंय सरकार?"

सरदार हे तिनंच ठेवलेलं नाव. लहानपणी तापात त्याचा डावा पाय गेला आणि बाकीची पोरं त्याला नको त्या नावांनी हाक मारायला लागली, तेव्हा तिनं हे काढलं होतं. सत्तावन्नाव्या वर्षीही ते सुटलं नव्हतं.

त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग हसायला लागली. हसलं की पोटात कळ यायची, म्हणून पोट दाबून हसत राहिली.

"म्हणजे एवढी वर्षं मी तुला पोसतेय?"

"कागदावर."

"मग कधी आभार मानलेस का रे, कृतघ्ना?"

खरं काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. तो एकोणिसाव्या वर्षी, आई गेल्यावर, एक पिशवी घेऊन ताईच्या घरी आला. पुढं दोन वर्षांतच मेहुणे गेले. पेन्शन म्हणून जे येऊ लागलं त्यात विजेचं बिल भागायचं आणि थोडीफार साखर यायची. तेव्हा एक छापखाना बंद पडत होता, तिथून यानं पुस्तकं दाबायची लोखंडी प्रेस आणली, हातगाडीवर घालून, स्वतः कुबडी टाकत हातगाडीच्या मागं चालत. पुढच्या खोलीत ती बसवली. दवाखान्यांची रजिस्टरं, कॉलेजातल्या मुलांचे प्रबंध, वाचनालयाची फाटकी पुस्तकं, जे येईल ते. ताई कागद घडी करून फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, लावून द्यायची, हा शिवायचा, सरस लावायचा, पुठ्ठा चढवायचा. घराचं छप्पर त्यातून बदललं, ताईचे दात त्यातून झाले, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्यातूनच. पण लोकांना काय दिसतं? एक पेन्शनवाली बाई आणि तिच्या घरी एक लंगडा भाऊ. हिशेब त्यांनी आपला आपणच मांडला होता. कोणी तोंडावर बोललं की ताई हातातलं काम टाकून भांडायला उठायची. हा म्हणायचा, "जाऊ दे ना ताई, त्यांच्या बोलण्यानं माझा पाय आणखी काय वाकडा होणार आहे?"

आता तेच बोलणं त्याला स्वतःच्या तोंडानं बोलायचं होतं, आणि तेही सहीनिशी.

त्यानं मनाची तयारी केली. एकदा ठरवलं की मागं वळून बघायचं नाही, हा त्याचा स्वभाव. दारावरची पाटी उतरवून कॉटखाली सारली. शिवायची चौकट माळ्यावर गेली. सरसाचं भांडं त्यानं तीनदा घासलं, तरी खोलीतला वास जाईना, म्हणून दोन दिवस दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. अर्धवट राहिलेली कामं गिऱ्हाइकांना परत केली. "तब्येत बरी नसते," असं सांगितलं. एक म्हातारे गृहस्थ आपल्या बायकोच्या पत्रांचं पुस्तक बांधायला देऊन गेले होते. त्यांना ती सुटी पत्रं तशीच परत देताना त्याला मान वर करता येईना.

प्रेस मात्र हलेना. ती हलवायला चार माणसं लागली असती आणि चार माणसांना कारण सांगावं लागलं असतं. शेवटी त्यानं तिच्यावर चादर टाकली, वर एक फुलदाणी ठेवली आणि तिचं टेबल केलं.

"बघ, कसं दिसतंय?" त्यानं विचारलं. ताईची कॉट दारातून पुढचं दिसेल अशी होती.

"लग्नात न विचारता आलेल्या पाहुण्यासारखं," ताई म्हणाली.

मग तालमी सुरू झाल्या. रोज चार वाजता, औषधाची गुंगी कमी असायची तेव्हा. बाइंडर अधिकारी व्हायचा. नाक वर करून, कुबडी काखेत काठीसारखी धरून विचारायचा, "आपले बंधू काय करतात?"

"काही नाही. खातात आणि झोपतात."

"एवढं नको. 'त्याला काही करता येत नाही' एवढंच म्हण."

"त्याला काही करता येत नाही."

"त्यांचा खर्च कोण करतं?"

"मीच. माझ्या पेन्शनमधून."

"शाबास. त्यांचं लग्न का झालं नाही?"

"हा प्रश्न विचारणार आहेत?"

"विचारला तर?"

"तोंड बघा म्हणावं आणि तुम्हीच सांगा."

ती असली उत्तरं देऊन त्याला हसवायची आणि तो खोटं खोटं रागवायचा. खरं सांगायचं तर त्या आजारपणातले तेच बरे दिवस. तिला एखादं वाक्य चुकलेलं तो चालू देत नव्हता, आणि ती शाळेतल्या मुलीसारखी पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. शेवटच्या दिवशी मात्र "त्याला काही करता येत नाही" या वाक्याशी ती थांबली. भिंतीकडे बघत राहिली.

"दुखतंय?"

"नाही. पुढचं विचार."

पुढची सगळी उत्तरं तिनं बिनचूक दिली. त्यानं पांघरूण सारखं केलं आणि मनात म्हटलं, झालं, घर वाचलं.

अधिकारी म्हणून आली ती तिशीतली बाई. काखेत जबाबांचं जाड बाड, त्याची पाठ उसवलेली, कागद रबरानं कसेबसे धरलेले. बाइंडरची नजर आधी तिकडेच गेली. कोणा नवशिक्यानं एकच टाका घालून सोडून दिलं होतं. दहा मिनिटांत नीट करून दिलं असतं त्यानं. पण आज त्याला काही करता येत नव्हतं. त्यानं हात शालीखाली घेतले. बोटांना सुईनं घट्टे पडले होते आणि नखांत बसलेला सरस कितीही घासलं तरी निघालेला नव्हता.

"का-का," ती मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "तुम्ही - जेवता - का - आपल्या - हातानं?"

पाय गेलाय बाई, कान शाबूत आहेत, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. "जेवतो," म्हणाला.

"काम काय करता?"

"काही नाही."

"पूर्वी काही करत होतात?"

"पूर्वीही नाही."

"मग दिवसभर वेळ कसा जातो तुमचा?"

हे तालमीत नव्हतं. पण उत्तर आपसूक आलं. "खिडकीत बसतो. ताई जेवायला हाक मारते."

बाईनं मान हलवली आणि लिहून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर कीव आली होती. बाइंडरनं सही केली. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी मान ताठ ठेवली होती ती दोन पानांत संपली, आणि आश्चर्य म्हणजे फारसं दुखलंसुद्धा नाही. घरासाठी होतं ना. आणि घर ताई देत होती.

जबाब वेगवेगळे घ्यायचे असा नियम होता, म्हणून मग त्याला बाहेर बसायला सांगितलं. तो पायरीवर बसला. दार लोटलेलं. आतून शब्द येत नव्हते, नुसता आवाज, बराचसा ताईचाच. एकदा अधिकारी बाईचं हसू ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच नाही. ताईनं बाईला खिशात घातली असणार, त्याला वाटलं.

अर्ध्या तासानं बाई बाहेर आली. जाताना त्याच्यापाशी थांबली. "येते काका," म्हणाली, आता साध्या आवाजात, माणूस माणसाशी बोलतो तशी. "ताईंना जपा." आणि शालीबाहेर आलेल्या त्याच्या हातांकडे बघून निघून गेली.

तो उड्या मारायचाच बाकी होता. आत आला तर ताई उशीला टेकून बसलेली, दमलेली, घामेजलेली.

"काय गं, हसवलंस वाटतं तिला?"

"सरदार," ताई म्हणाली, "ते पाठ केलेलं मी बोलले नाही."

"म्हणजे?"

"नाही जमलं. जे खरं ते सांगितलं."

आधी त्याला ही नेहमीची थट्टा वाटली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून कळलं. त्याचे कान तापले.

"खरं म्हणजे काय? प्रेस? बाइंडिंग? सगळं?"

"सगळं. चादर काढून प्रेस बघा म्हटलं तिला. बघितली तिनं."

"घालवलंस!" तो ओरडला. तिच्यावर तो असा कधीच ओरडला नव्हता. "घर घालवलंस तू! अगं, मी तिच्यासमोर तोंड काळं करून घेतलं. स्वतःला लुळापांगळा म्हणवून घेतलं, सही ठोकली. कशासाठी? तुला एक वाक्य बोलवेना? एक? आता खोटारडा म्हणून माझं नाव लागलं ते वेगळंच!"

"ऐकून तरी घे रे, मी काय..."

"एक अक्षर बोलू नकोस माझ्याशी."

त्याला वाटलं होतं ती उलटून बोलेल, नेहमीसारखी. ती फक्त उशीवरून खाली सरकली आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

त्या दिवसापासून त्यानं अबोला धरला.

सेवेत काही कमी केलं नाही, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. वेळेवर औषध, वेळेवर दूध, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं चोख. जास्तच चोख, कारण रागावलेला माणूस कामात कसूर करत नाही, नाहीतर त्याच्या रागाला बट्टा लागतो. "तोंड उघड." "कूस वळ." "पाय इकडे घे." एवढेच शब्द. पहिले काही दिवस ती प्रयत्न करत राहिली. "सरदारांचा संप चालू आहे वाटतं," म्हणायची. किंवा, "अरे, आज पुढच्या खोलीत पाटी लाव की, आता कोणापासून लपवायचं आहे?" तो टॉवेल पिळत राहायचा. एकदा तिनं त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, "त्या बाईला मी काय सांगितलं ते ऐकायचं तरी आहे का तुला?" त्यानं मनगट सोडवून घेतलं. जोरानं नाही. पण सोडवून घेतलं.

त्याचं मनातलं गणित सरळ होतं. बघू, अजून महिनाभर आहे ती. राग ओसरला की बोलू. डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेत.

डॉक्टरांचा अंदाज चुकला. अठराव्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघरात दूध गाळत होता. गाळून, निववून, कप घेऊन आला आणि म्हणाला, "तोंड उघड." तिनं उघडलं नाही. तो कप घेऊन तसाच उभा राहिला, आणखी एकदा तेच म्हणाला, यावेळी जरा रागानं. मग त्याला समजलं.

माणसं आली, माणसं गेली. गल्लीतल्या बायकांनी त्याच्या पुढ्यात ताटं आणून ठेवली आणि आपसात कुजबुजल्या, बिचाऱ्याचा आधार गेला, आता याला कोण बघणार. त्यानं ते ऐकलं. आज भांडायला उठणारं कोणी नव्हतं. तो रडला नाही. लोकांना वाटलं धक्क्यानं. खरं तर राग अजून शिल्लक होता, आणि त्या रागाचं आता काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

नऊ दिवसांनी एजंट स्वतः घरी आला. हातात कर कचेरीचा लखोटा. आल्या आल्या दोन शब्द सांत्वनाचे बोलला, चष्मा कपाळावर आणखी वर ढकलला आणि प्रेसवर, म्हणजे टेबलावर, कागद पसरले.

"सवलत नाकारली. अपेक्षितच होतं. नव्वद दिवसांत पूर्ण कर. पण घाबरू नका, मी अपील लिहून आणलंय. खात्रीचं आहे."

"कसलं अपील?"

"ताई त्या दिवशी भानावर नव्हत्या. औषधांची गुंगी, आजार मेंदूपर्यंत गेलेला, काय बोलताहेत ते त्यांना समजत नव्हतं. डॉक्टरांचा दाखला मी मिळवतो. एकदा त्यांचा जबाब बाद झाला की उरतो तुमचा. तुमचा तर एकदम पक्का आहे! प्रेसचं काय, मेहुण्यांची होती म्हणायचं. इथं सही करा."

बाइंडरनं पेन घेतलं. खोटं सांगायचं कशाला, त्याला ते पटलंच. भानावर असती तर तिनं असं केलं असतं का? इतके दिवस जे कोडं होतं त्याचं उत्तर कोणीतरी आयतं आणून दिलं होतं. ती तिच्यात नव्हती. झालं.

"सही झाली की हे मागं जोडायचं," एजंट म्हणाला. "आदेशाची प्रत आणि ताईंच्या जबाबाची प्रत. वाचायची काही गरज नाही."

वाचणार तो नव्हताच. हजारो लोकांचे कागद त्याच्या हातांखालून गेले, त्यानं कधी कोणाचं वाचलं नाही. ती त्याच्या धंद्याची रीत. त्यानं सवयीनं कागद उचलले, कडा जुळवायला टेबलावर ठोकले, आणि वरच्याच पानावर त्याला 'सरदार' हा शब्द दिसला. सरकारी कागदावर, काळ्या शाईत.

तो वाचायला लागला. अधिकारी बाईनं आपली सरकारी भाषा प्रश्नांपुरती ठेवली होती. उत्तरं ताईच्या तोंडची होती तशीच उतरवली होती.

प्रश्न: आपला भाऊ आपल्यावर अवलंबून आहे काय?

उत्तर: नाही. मी त्याच्यावर आहे. नवरा गेल्यापासून. तुम्ही बसलात ती खुर्ची, हे छप्पर, हे माझे दात, सगळं सरदारनं केलं. मी त्याला सरदार म्हणते.

प्रश्न: त्यांच्या जबाबात तसे नाही.

उत्तर: तो घरासाठी खोटं बोलला. त्याला माफ करा. त्याच्या पोटात खोटं राहत नाही, त्याला त्रास झाला असेल.

प्रश्न: आपण असे सांगितल्यास सवलत मिळणार नाही व घर विकावे लागू शकते, हे आपणांस समजते काय?

उत्तर: सगळं समजतं. मी औषध मुद्दाम घेतलं नाही आज सकाळपासून, डोकं साफ राहावं म्हणून. घर गेलं तर तो दुसरीकडे प्रेस लावेल. त्याला येतं. पण ही माझी शेवटची सही आहे. तो बिनकामाचा होता, मी त्याला पोसला, हे माझ्या सहीनं कुठेही लिहिलेलं राहायला नको. लोक म्हणाले ते म्हणाले. मी नाही म्हणणार.

प्रश्न: हा निर्णय आपण भावाला सांगितला आहे काय?

उत्तर: नाही. आता सांगेन. चिडणार. चिडला की बोलत नाही, लहानपणापासून तसाच आहे. पण दोन दिवसांवर टिकत नाही त्याचं. तिसऱ्या दिवशी आपणच काहीतरी निमित्त काढून येतो आणि इथं पायाशी बसतो. मग मी त्याला सगळं नीट सांगेन.

खाली ताईची सही होती. वळणदार, जराही न थरथरलेली.

बाइंडरनं ते पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. एजंट चुळबुळ करत होता. "सहीचं बघता ना?" म्हणाला.

"अपील करायचं नाही."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? घर जाईल हातचं!"

"ती भानावर होती," बाइंडर म्हणाला. "हे खोडून माझं खोटं खरं ठरवणार तुम्ही? नको. आदेश आहे तसा राहू दे. मला एक खोली बघून द्या भाड्याची, प्रेस मावेल एवढी. तळमजल्यावर."

एजंटनं आपले कागद गोळा केले. जबाबाची प्रत तेवढी बाइंडरनं सोडली नाही. एजंटनंही ती मागितली नाही.

बाइंडर आतल्या खोलीत आला. कॉटवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. तो कुबडी भिंतीला लावून कॉटच्या पायथ्याशी, जमिनीवर बसला. तिसऱ्या दिवशी बसायला हवं होतं तिथं. आणि बोलायला लागला. आधी चाचरत, मग भरभरून, हुंदक्यांनी अडत. त्या म्हाताऱ्या गृहस्थांची पत्रं परत मागून आणतो म्हणाला. पाटी उद्याच लावतो म्हणाला. मनगट सोडवायला नको होतं, ताई, चुकलं माझं, असं म्हणाला, पुन्हा पुन्हा तेच म्हणाला. अठरा दिवसांचं सगळं बोलणं त्यानं त्या दुपारी बोलून टाकलं. ऐकायला कोणी नव्हतं.